कापसातला फरिश्ता

आमच्या घरात जे काही शिजायचं त्यात कापूस असायचाच. भाकरीवर, कालवणात, दह्यावर, एवढंच काय, ईदेच्या शिरखुर्म्यावरसुद्धा एखादा तंतू तरंगताना दिसायचा आणि आम्ही तो बोटानं बाजूला करून जेवायचो. अब्बा पिंजारी. भोरात बाजारामागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत अब्बांचं पिंजण आढ्याला टांगलेलं, मागच्या खोलीत चूल, पाण्याचे हंडे आणि आम्ही. पिंजण म्हणजे माणसाएवढं लाकडी धनुष्य. अब्बा त्याच्या तातीवर ठोकळा मारायचे, तात कापसात थरथरायची आणि दडपून दगड झालेला कापूस बघता बघता फुलून यायचा. ठंय, ठंय, ठुम्. दिवसभर हाच आवाज. पाहुणे म्हणायचे, तुम्हाला या आवाजात झोप कशी लागते? आम्हाला तो थांबला की जाग यायची. आता माझ्या लेकाच्या घरात इतकं चिडीचूप असतं की दुपारची डुलकी म्हणून लागत नाही.

घरात बाईमाणूस एकच, फुफी, अब्बांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन ती भावाकडे आली होती. माझ्या जन्माच्या वेळी अम्मा गेली, त्याच मागच्या खोलीत, आणि मला फुफीनंच वाढवलं. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी बहीण, आमची आपा, वेल्ह्यात पिंजाऱ्याच्याच घरी दिली होती. म्हणजे घरात उरलो तिघं. अब्बा बोलायला कमी, फुफी दोघांचं मिळून बोलायची आणि मला प्रश्न विचारायची खोड. फुफी म्हणायची, "मेहरू, तुजं तोंड न्हाई, नुसतं 'का' हाय."

जुन्या गाद्या पिंजायला आल्या की त्या उसवायचं काम फुफीचं आणि माझं. लोक गादीत काय काय लपवायचे! केसांचे आकडे, लहान मुलाचा पडलेला दात, वाळून काळं पडलेलं लिंबू, एकदा तर कुणाच्या तरी सुनेला माहेरहून आलेलं पत्र निघालं. अब्बांचा कायदा होता की कापसात सापडलं ते ज्याचं त्याला परत, आणि तेही सासूच्या हातात न देता. उत्रोलीच्या त्या सुनेला ते पत्र अब्बांनी गादीच्या घडीत परत घालूनच दिलं, तोंडातून शब्द काढला नाही. भरलेली गादी अब्बा दाभणानं शिवायचे. त्यांचे टाके लांब, ढांगा टाकल्यासारखे. बारीक शिवण फुफीची. तिचा टाका तांदळाच्या कणीएवढा असायचा आणि दर सातव्या टाक्याला ती गाठ मारायची. का, म्हणून मी विचारलं होतं. "धागा तुटला तर सातच टाके जात्यात," असं तिनं सांगितलं होतं.

हात चालू असताना फुफी मला फरिश्ते शिकवायची. ते उजेडाचे बनलेले, माणूस मातीचा, जिन्न आगीचे. फरिश्त्यांना भूक नाही, झोप नाही. पावसाचा एकेक थेंब एकेक फरिश्ता खाली आणून ठेवतो, असं तिनं सांगितल्यावर मी म्हटलं होतं, मग आपाच्या वेल्ह्यात त्यांना आषाढात बसायला उसंत नसेल. अल्लाचे निरोप आणणाऱ्या जिब्राइलांना सहाशे पंख असतात हे ऐकून अब्बांनी ठोकळा खाली ठेवला आणि थोडा वेळ छताकडे बघत विचारलं, "सहाशे पंखांना कापूस किती लागंल गं आक्का?" फुफी त्यांच्यावर खेकसली, पण तिलाही हसू आवरलं नव्हतं. मला सगळ्यांत जवळचे वाटायचे ते खांद्यांवरचे दोघं. उजव्या खांद्यावरचा चांगलं लिहितो, डाव्यावरचा वाईट. पण आपण खोटं बोललो की डाव्यावरचा लगेच लिहायला घेतो आणि उजव्यावरचा त्याला म्हणतो, थांब जरा, पोर तोबा करील. नमाज संपताना उजवीकडे नि डावीकडे मान वळवून सलाम करतात, त्यात मी डावीकडचा सलाम जास्त अदबीनं करायची. त्याच्याशी बरं असलेलं बरं. अजूनही, गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसून नमाज पढते तरी, डावीकडे मान जरा जास्तच झुकते माझी.

आणि एक नियम फुफी पुनःपुन्हा सांगायची. ज्या घरात कुत्रं असतं किंवा तसबीर असते त्या घरात रहमतीचे, म्हणजे अल्लाची दया आणणारे, फरिश्ते शिरत नाहीत. उंबऱ्यावरूनच मागं फिरतात. लिहिणारे दोघं मात्र सोबतच असतात, आणि जीव न्यायला येणारे इज्राइल कशानंच अडत नाहीत. त्यामुळे आमच्या भिंतींवर कापसाच्या तंतूंखेरीज काही नव्हतं.

अशात गल्लीच्या तोंडाला दवाखान्यातल्या नर्सबाई राहायला आल्या. रूथबाई. नगरकडच्या ख्रिस्ती, एकट्या, पांढरं लुगडं, पायात काळे बूट. त्यांची गादी पिंजायला आणायला अब्बांनी मला धाडलं आणि त्यांच्या भिंतीवर मी आयुष्यातला पहिला फरिश्ता पाहिला. लांब केस, पांढरा झगा, पाठीला हंसासारखे दोन पंख, आणि पुढं एक बाई गुडघ्यांवर बसलेली. मी दारातच थिजले. एक तर तसबीर, त्यात फरिश्ता, आणि तोही बाईसारखा!

"हे कोण?" मी विचारलं.

"हा गब्रीएल दूत," बाई म्हणाल्या. "आणि ही मरीया. तिला बाळ होणार आहे असा निरोप तो घेऊन आलाय."

"जिब्राइल? आणि बीबी मरियम?" मी ओरडलेच. "ते तर आमचे आहेत!"

बाई हसल्या. "असं? मग दोघींचेही असतील. बस, बिस्किट खा."

त्या दिवशी गादी डोक्यावर घेऊन घरी येताना मला जो आनंद झाला होता तो अजून आठवतो. परक्या गावात आपला मामा भेटावा तसं झालं होतं. घरी येऊन मी फुफीला सांगितलं. तसबिरीचं गाळलं, नाव तेवढं सांगितलं. फुफीही खूश झाली. "मंग काय! आपलेच त्ये. इचार तिला, सैतानाचं काय म्हन्तात त्यांच्यात."

तिथून माझी ये-जा सुरू झाली. फुफी घरातून हलायची नाही आणि बाईंना दवाखान्यातून सवड नव्हती, तेव्हा दोघींमधला सगळा वाद माझ्या पायांनी चालायचा. बाई म्हणाल्या, सैतान आधी देवदूतच होता, फार तेजस्वी. गर्वानं फुगला, देवाच्या जागी बसावंसं वाटलं, तेव्हा मीखाएल दूतानं त्याला आणि त्याच्या साथीदारांना खाली लोटून दिलं. हे मी फुफीला येऊन सांगितलं तेव्हा तिच्या हातातली सुई थांबली.

"फरिश्ता आन् नाफर्मानी?" ती म्हणाली. "अगं, त्यास्नी मर्जीच न्हाई. सांगितलं त्येवढं करत्यात. उजेडाचे हाईत ते. उजेड कदी वाकडा जातो व्हय? त्यो सैतान, इब्लिस, जिन्न व्हता, आगीचा. बंदगी करून करून फरिश्त्यांत बसाय लागला. अल्लानं सांगितलं, ह्या मातीच्या आदमपुढं वाका. समदे वाकले. ह्यो म्हनाला, म्या आगीचा, त्यो मातीचा, म्या का म्हून वाकू?"

हे ऐकून मला इब्लिसचं थोडंसं पटलं, हे आज कबूल करते. फुफीच तर शिकवायची की अल्लाशिवाय कुणापुढे वाकायचं नाही. मी तसं बोलून दाखवल्यावर तिनं मला डावीकडे तीनदा थू करायला लावलं. "त्यो मान द्यायचा व्हता, बंदगी न्हवती. आन् त्यो काय अल्लाच्या प्रेमानं अडला न्हाई, आगीच्या घमेंडीनं अडला." मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवता ठेवता विचार केला. "आमच्या शास्त्रात ते वाकण्याचं नाही," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या फुफीला विचार, दूतांना स्वतःची इच्छाच नसेल तर त्यांच्या चांगलं वागण्यात काय मोठेपण?"

हा प्रश्न घेऊन मी निघाले, पण अर्ध्या गल्लीत थांबले. फुफी चिडेल, जाणं बंद करील, बिस्किटं बंद होतील. घरी जाऊन मी सांगितलं, "बाई म्हणतात, फरिश्ते फार चांगले असतात." फुफी म्हणाली, "तुज्या बाईला कुनी तरी अर्दवट शिकवलंय." ते मी बाईंना असं पोचवलं, "फुफी म्हणते, तुम्ही फार शिकलेल्या आहात." असे किती तरी निरोप मी मध्येच बदलले. मला वाटायचं यात डावीकडच्यानं लिहिण्यासारखं काही नाही.

नाताळाला बाईंनी मला करंज्या दिल्या आणि एक पोस्टकार्डाएवढं रंगीत चित्र दिलं. ओढ्यावरचा लाकडी साकव, मधली फळी निखळलेली, त्यावरून एक बहीण धाकट्या भावंडाचा हात धरून चाललीय आणि त्यांच्या मागे एक मोठा फरिश्ता पंख पसरून उभा आहे. तो लिहीत नव्हता. नुसता सांभाळत होता. बाई म्हणाल्या, प्रत्येक लेकराला असा एक दूत असतो. मी साकवाकडेच बघत राहिले. वेल्ह्याच्या वाटेवर अगदी असाच साकव होता आणि तिथं आपा माझा हात घट्ट धरायची. ते चित्र घरी आणणं चुकीचं आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी ते परकराच्या नेफ्यात खोचून घरी आणलं.

तेव्हा आपाला सातवा लागला होता आणि बाळंतपणाला ती माहेरी येणार होती. तिच्यासाठी अब्बांनी नवा, निवडक कापूस पिंजून पुढच्या खोलीत ढीग घातला होता. मी त्या ढिगाशी बसून चित्र बघत होते, तेवढ्यात फुफीची चाहूल लागली. मी चित्र कापसात खुपसलं. फुफीनं मला नदीवर धुण्याला पिटाळलं. मी परत आले तर ढीग नव्हता. लाल पट्ट्यांच्या खोळीत गादी भरून, शिवून, भिंतीला उभी होती आणि अब्बा तिच्यावर हात फिरवत म्हणत होते, "अशी गादी राजवाड्यात बी नसंल." आपासाठी भरलेल्या गादीत मी तसबीर शिवून टाकली होती.

सांगायला तोंड उघडलं की फुफी समोर यायची. अब्बांच्या रागाची मला भीती नव्हती, फुफीच्या डोळ्यांची होती. तिचा माझ्यावर इतका भरवसा की उसवलेल्या गाद्यांतलं सामान ती माझ्याच हाती द्यायची. मी आडून आडून विचारलं, "तसबीर दिसली नाही, आत कुठं असली, तरी फरिश्ते फिरतात का गं मागं?" ती म्हणाली, "त्यांच्यापासून काय झाकून ऱ्हातंय?" मग मी मनाची वेगळीच समजूत घालत बसले. ती तसबीर फरिश्त्याची आहे, तर आपल्याच माणसाची तसबीर बघून फरिश्ते कशाला रागावतील? पुढं आपा आली, त्या गादीवर झोपली, म्हणाली, ढगावर झोपल्यागत वाटतं. वेल्ह्यातून तिनं नाचणीचं पीठ आणलं होतं, मला रोज गरम भाकरीचा पापुद्रा काढून द्यायची. तिला मी काहीच बोलले नाही.

आपाच्या कळा पहाटे सुरू झाल्या. सुईण आली, फुफीनं पाणी तापवलं, दार लावून घेतलं. अब्बा पुढच्या खोलीत पिंजत बसले. कुणाचं काम होतं देव जाणे. मला वाटतं, तोच तोच कापूस ते पुन्हा पुन्हा पिंजत होते, आपाचं ओरडणं गल्लीत जाऊ नये म्हणून. सकाळ गेली, दुपार झाली. सुईण घाम पुसत बाहेर आली. "मूल आडवं हाय," ती म्हणाली. "माज्या हातात काय ऱ्हायलं न्हाई." अब्बांनी नर्सबाईंचं नाव काढलं तशी फुफी दारातूनच म्हणाली, "दवाखान्याची बाई नगं. ती कातऱ्या घिऊन यील. समद्या बायका कळा सोसत्यात, ही बी सोसंल." आणि मग दार लोटून ती आत मोठ्यानं दुवा मागायला लागली, "या अल्ला, रहमतीचे फरिश्ते धाड."

मी ते ऐकलं. फरिश्ते आले असणार. उंबऱ्याशी उभे असणार. आत येता येत नाहीये त्यांना, माझ्यामुळे. आणि जे आत येऊ शकतात ते एकटे इज्राइल. ते याच खोलीत माझ्या अम्मासाठी आले होते, वाट त्यांना ठाऊक आहे. मी अब्बांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि सगळं एका दमात ओकून टाकलं. बाईंचं घर, साकव, चित्र, गादी, सगळं. शेवटी म्हटलं, "माझ्यामुळं आपा मरणार."

अब्बांनी ठोकळा खाली ठेवला. तात थांबली आणि आपाचं कण्हणं एकदम आमच्या मध्ये येऊन बसल्यासारखं स्पष्ट ऐकू आलं. अब्बा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता मारणार.

"त्या बाईचं घर म्हाईत हाय तुला?" ते म्हणाले. "मंग पळ. म्हनावं, पिंजाऱ्यानं बोलवलंय. फुफीला मी बघतो."

बाई घरी नव्हत्या. तिथून दवाखान्यापर्यंत मी कशी धावले ते मला सांगता येणार नाही. बाई पेटी घेऊन माझ्याबरोबर जवळजवळ पळतच आल्या. अब्बा मागच्या खोलीच्या दाराशी उभे होते, फुफी आत भिंतीला टेकून, तोंड दुसरीकडे फिरवून. बाईंनी आपाकडे एकदा पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "ही गादी काढा आधी. फार मऊ आहे, पोरगी त्यात रुतून बसलीय. खाली सतरंजी घाला." सुईणीनं आणि फुफीनं आपाला उचलून धरलं, गादी ओढली आणि दारातून पुढच्या खोलीत लोटली. लाल पट्ट्यांची ती गादी माझ्या पायाशी येऊन पडली. मी ती फरफटत रस्त्यावर नेली, घरापासून जितकी लांब नेता येईल तितकी नेली आणि तिच्यावर बसून राहिले.

ऊन कलायच्या आत बाळ रडलं.

पुढं मी किती तरी बायकांची बाळंतपणं पाहिली. मूल आडवं असताना शिकलेले हात काय करू शकतात हे आता मला कळतं. आपाला रूथबाईंच्या हातांनी वाचवलं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण गादी दाराबाहेर निघाली आणि आत वारा शिरल्यासारखा दाराचा पडदा आतल्या बाजूला फुगला, हेही मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. या दोन्ही गोष्टींचं काय करायचं ते मला या वयातही उमगलेलं नाही, आणि आता उमगेल असं वाटत नाही.

मला आत बोलावलं तेव्हा आपा डोळे मिटून पडली होती, जिवंत. कुशीत लालबुंद मुलगी. फुफी नर्सबाईंच्या हातांवर तांब्यानं पाणी घालत होती. दोघी पहिल्यांदाच समोरासमोर आल्या होत्या. फुफीचे डोळे रडून सुजले होते, पण तिच्यानं गप्प कुठलं राहवतंय.

"बाई, तुमचं लई उपकार," ती म्हणाली. "पन एक इचारू? फरिश्त्याला मर्जी असती असं तुमी खरंच मानता?"

"मानते की. मी विचारलंही होतं तुम्हाला. इच्छा नसेल तर मोठेपण कसलं, म्हणून."

"मला? मला तर तुमी सांगितलंत, फरिश्ते फार चांगले असत्यात."

"आणि तुम्ही मला म्हणालात, मी फार शिकलेली आहे."

दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मी आपाच्या उशाशी सरकले. "जिब्राइल निरोप आनायचे तर अक्षर हिकडचं तिकडं न्हाई व्हायचं," फुफी म्हणाली, "आन् ह्यो आमच्या घरचा फरिश्ता बघा!" बाई इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. मग तिथंच, चुलीपाशी बसून, गुळाच्या चहाबरोबर त्या दोघींनी इब्लिसचा वाद स्वतःच्या तोंडानं केला. शेवटपर्यंत दोघींचं पटलं नाही. बाळाच्या नावावर मात्र घटकाभरात एकमत झालं. मरियम.

सकाळी अब्बांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं. फुफी आत बाळाला शेक देत होती. अब्बांनी गादीची एक बाजू उसवली, हात घालून चाचपलं आणि चित्र बाहेर काढलं. मी खाली मान घालून उभी. अब्बांनी आयुष्यात अशी तसबीर हातात धरली नसेल. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात नेली, बराच वेळ पाहिली.

"पंखांचा कापूस चांगला पिंजलाय," ते म्हणाले. मग पुन्हा पाहून, "ह्यो आपल्या वेल्ह्याचा साकव दिसतोय."

"फाडून टाकू?" मी विचारलं.

"ज्या बाईनं पोर वाचवली तिची भेट फाडायची?" ते म्हणाले. "भितीला बी लावता यायची न्हाई. मौलवीसाहेबांकडनं ऐकलंय म्या. पैगंबरांच्या घरात चितरं असलेला पडदा टांगलेला चालला न्हाई, पन त्याच कापडाची उशी केली तवा चाललं. माणूस ज्याच्यावर निजतं त्याची कुनी पूजा करत न्हाई." त्यांनी चित्र परत कापसात खोल सरकवलं आणि दाभणात दोरा ओवला. "आपाला त्याच साकवावनं जायाचंय, लेकरू घिऊन. फुफीला बोलू नगंस. तिला दुख हुईल."

मी बोलले नाही. सव्वा महिन्यानं आपा, मरियम आणि ती गादी बैलगाडीतून नसरापूरवरून वेल्ह्याला गेली. दर वर्षी दिवाळीनंतर गादी पिंजायला भोरला यायची, तेव्हा अब्बा फुफीला म्हणायचे, "ही ऱ्हाऊ दे आक्का, आपाची गादी मीच उसवतो." फुफी बरं म्हणायची. फक्त एका वर्षी अब्बा तापानं पडले होते आणि गादी दोन दिवस तशीच मागच्या खोलीत फुफीजवळ पडून होती. माझा जीव टांगणीला लागला होता. पण काही झालं नाही. अब्बा उठले, त्यांनी गादी उसवली, पिंजली, शिवली. मी डोळ्यांनी विचारलं, त्यांनी मान हलवली, आहे म्हणून. त्याच सुमारास फुफीनं नवी ओढणी मागितली होती, नमाजाच्या ओढणीचा कोपरा उंदरानं खाल्ला म्हणून. अब्बांनी उंदराचा सापळा आणला, त्यात महिनाभर काही सापडलं नाही. पुढं फुफी गेली, बाई बदली होऊन गेल्या, अब्बांचे हात थकले. त्यानंतर ती गादी पुन्हा पिंजलीच गेली नाही.

मला आयुष्यभर खंत होती ती एवढीच. फुफी गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. आजार लांबला होता, बोलायला वेळ भरपूर होता. कितीदा ओठांवर आलं. जिनं मला खरं बोलायला शिकवलं तिला मी खोटीच राहिले, असं मला वाटायचं. डावीकडे सलाम करताना हेच मनात यायचं.

गेल्या हिवाळ्यात आपा गेली, भरल्या घरातून, नव्वदीच्या उंबऱ्यावर. मरियम आता स्वतः पणजी होण्याच्या वयाची. तिनं फोन केला, "मावशी, आईची गादी दगडासारखी झालीय, नसरापूरला मशीनवर पिंजून घेऊ का टाकून देऊ?" मी म्हटलं, आधी माझ्याकडे आण. तिचा नातजावई टेम्पोतून घेऊन आला. खोळ बदललेली होती, टाके मात्र अब्बांचेच, लांब लांब. मी चष्मा लावून एक बाजू उसवली आणि कोपरापर्यंत हात घातला.

चित्र होतं. पण उघडं नव्हतं. कापडाच्या एका चपट्या पिशवीत घालून चारही बाजूंनी शिवलेलं होतं. मी ते उजेडात नेलं. टाके तांदळाच्या कणीएवढे, आणि दर सातव्या टाक्याला गाठ. कापड मऊ, पांढरं, कडेला फिकट हिरवी किनार, फुफीच्या नमाजाच्या ओढणीचं.

मी खाली बसले आणि रडले. नातजावई घाबरला, पाणी आणायला धावला. त्याला काय सांगणार? तिनं ते पाहिलं होतं. जपून झाकलं होतं आणि परत होतं तिथं ठेवलं होतं. मला काही कळू दिलं नव्हतं. अब्बांनी गादी उसवली तेव्हा त्यांना ती पिशवी दिसलीच असणार, पण त्यांनीही मला मान तेवढी हलवून दाखवली होती. आणि फुफीनं अब्बांच्या तोंडावर, माझ्यादेखत, ओढणी उंदरानं खाल्ली म्हणून सांगितलं होतं. मी तिला खोटं बोलताना तेवढं एकदाच ऐकलं, आणि तेव्हा मला ते कळलंही नाही.

पिशवी मी उसवली नाही. परत कापसात घातली आणि बाजू शिवून टाकली. संध्याकाळच्या नमाजात डावीकडे सलाम करताना त्या उंदराची आठवण झाली. डाव्या खांद्यावरच्यानं ते लिहून घेतलं असेल का? मला नाही वाटत. उजव्यावरच्यानं त्याला थांब म्हटलं असेल, आणि तो अजून थांबला असेल.